चित्रकलेच्या वर्गातील विचार

चित्रकलेवर बोलावयास कोणी उभे राहिले की श्रोत्यांची एक साहजिक अपेक्षा असते, की आता चित्रे दाखवतील. आमच्याजवळ आज दाखवण्यासारखे चित्र नाही. एक दोर आहे. तोही जवळ नाही, आठवणीत आहे. परंतु आज जे सांगावयाचे आहे ते त्या दोरावाचून सांगता येत नाही, म्हणून आरंभ तेथूनच करतो.

आम्ही एका कलामहाविद्यालयात नुकते शिकवू लागलो होतो, त्या काळची ही हकीकत. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला रचनाचित्रासाठी 'दुष्काळ' हा विषय दिला होता. वर्गात २८ विद्यार्थी. मुदतीच्या दिवशी २७ चित्रे आली. बहुतेकांत जमिनीला भेगा पडल्या होत्या, दोन-चारांत बैलाचा सांगाडा होता, आणि कपाळावर हात धरून आकाशाकडे पाहणारा म्हातारा तर इतक्या जणांनी काढला होता की सगळ्यांनी एकाच म्हाताऱ्याला समोर बसवला की काय, अशी शंका यावी. अठ्ठाविसावा विद्यार्थी हातात पोते घेऊन आला. त्याने ते टेबलावर उपडे केले. आत विहिरीवर पाणी शेंदण्याचा दोर होता. त्याला नऊ गाठी होत्या. पाणी जसजसे खाली गेले तसतसा घरच्यांनी दोराला तुकडा जोडलेला. आरंभीचा तुकडा चांगल्या काथ्याचा, पुढचे सुताचे, मग नायलॉनचा, आणि अगदी शेवटी आईच्या जुन्या लुगड्याची पिळून केलेली पट्टी. मुलगा म्हणाला, "सर, हा दुष्काळ."

आम्ही विचारले, "चित्र कुठे आहे?"

त्याने दोर गुंडाळून पुन्हा पोत्यात भरला. चार दिवसांनी भेगाळलेल्या जमिनीचे एक चित्र आणून दिले. त्याला आम्ही १०० पैकी ५५ गुण दिले. पुढे दोन-तीन वर्षे तो वर्गात होता. जे मागितले ते आणून देत असे. पोते मात्र पुन्हा कधी आणले नाही.

नियमाने पाहिले तर आमचे काही चुकले नव्हते. विषय रचनाचित्राचा, माध्यम जलरंगाचे, कागद अर्ध्या इंपीरियल आकाराचा. दोर यात कोठे बसतो? पण शिक्षक म्हणून जे चुकले ते असे, की त्या दोराकडे बोट दाखवून "हा काढ" एवढे दोन शब्द आम्हांस सुचले नाहीत. गाठी काढ, प्रत्येक तुकड्याचा पीळ वेगळा आहे तो काढ, कागद लांबोडका घे, लागले तर सहा जोड. मुलाच्या हाती विचार आपणहून आला होता आणि आम्ही त्याला तो परत पोत्यात भरावयास लावला. हे समजण्यास आम्हांस बरीच वर्षे लागली. ती कशी लागली आणि त्यातून वर्गात काय बदलले, हाच आजचा विषय आहे.

आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा न दिलेला चित्रकार विरळाच. त्या परीक्षांत वस्तुचित्र असते, स्मरणचित्र असते आणि 'संकल्पचित्र' नावाचा एक विषय असतो. शब्द किती मोठा आहे पाहा! संकल्पाचे चित्र. प्रत्यक्षात मुले करतात काय, तर वर्तुळ किंवा चौकोन आखून त्यात कमळे, पाने आणि वेलबुट्टी सारख्या अंतराने बसवतात आणि पोस्टर रंगाने सपाट भरतात. आम्हीही हेच केले, आणि मन लावून केले. नक्षीकामाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. मोजून जागा भरावयास शिकणे ही लहान गोष्ट नव्हे. गंमत एवढीच, की ज्या विषयाच्या नावात संकल्प आहे त्यात मुलाला संकल्प करण्याची पाळी येत नाही. तो वर्तुळात आधीच आखून दिलेला असतो.

मग संकल्प म्हणजे काय? याचे उत्तर घरातल्या पूजेत सापडते. पूजेच्या आरंभी गुरुजी यजमानाच्या हातावर पळीभर पाणी घालतात आणि देश, काल, तिथी, गोत्र, नाव आणि कार्याचा हेतू यांचा उच्चार करवितात. मग उदक सोडावयाचे. म्हणजे कोण, कोठे, केव्हा आणि कशासाठी हे बोलल्याखेरीज फूल वाहावयाचे नाही. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला संकल्पना हा शब्द समजावून सांगताना आम्ही हेच उदाहरण देतो, कारण आजवर त्याला कोणी यांपैकी एकही प्रश्न विचारलेला नसतो. कसे काढावयाचे ते मात्र बालपणापासून सांगितलेले असते.

अशी स्थिती का झाली याला कारण आहे आणि ते जुने आहे. मुंबईच्या कलाशाळेसाठी सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली एक लक्ष रुपये देऊ केले आणि १८५७ साली शाळा सुरू झाली. तिची शिकवण्याची तऱ्हा लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीची होती. प्लास्टरचे नमुने समोर ठेवावयाचे आणि ते हुबेहूब उतरवावयाचे. कारागीर तयार करणे हा त्या शिक्षणाचा मुख्य हेतू, आणि कारागिराने विचार करावा अशी योजनाच नव्हती. विचार नमुन्यात आधी झालेला असे. पुढे शाळा बदलली, चित्रकार निर्माण झाले, मोठे झाले. पण वर्गातली 'समोर ठेवा आणि उतरवा' ही सवय ज्या शाळेतून आली तेथून ती महाराष्ट्रभर पसरली आणि रुजली.

येथे एक गोष्ट न सांगणे अन्यायाचे होईल. त्याच शाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांत होते. त्यांतील बऱ्याच प्रतिकृती लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत जळाल्या, हे आपले दुर्दैव. पण मुद्दा असा, की पडझड झालेल्या भिंतीसमोर बसून नक्कल करणाऱ्याला क्षणोक्षणी निर्णय करावा लागतो. ही मूळची रेषा की नंतरचा तडा? हा डाग रंगाचा की ओलीचा? येथे नक्कल करणे म्हणजे विचार करणेच होते. तेव्हा नक्कल वाईट आणि कल्पना चांगली असा सोपा निवाडा आम्ही देत नाही. निर्णय कोण करतो, एवढेच पाहावयाचे.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. 'विचार' हा शब्द वर्गात उच्चारला की हल्लीच्या मुलांना एक निराळेच भय वाटते. त्यांनी संकल्पनात्मक कलेविषयी ऐकलेले असते. मार्सेल द्युशाँ याने १९१७ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी एक मुतारीचे भांडे 'आर. मट' अशी सही करून पाठवले, हे त्यांना ठाऊक असते. जोसेफ कोसुथ याने १९६५ साली एक खरी खुर्ची, तिचेच छायाचित्र आणि शब्दकोशात दिलेला खुर्ची या शब्दाचा अर्थ अशा तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या, हेही त्यांनी पाहिलेले असते. त्यातून त्यांची समजूत होते, की विचार करावयाचा म्हणजे रंग सोडावयाचे आणि काहीतरी उचलून आणून ठेवावयाचे. ही समजूत खरी नाही. संकल्पनात्मक कला ही एका काळची, विशेषतः १९६० नंतरच्या दशकातील, एक चळवळ. तिने विचारले, की खुर्ची कोणती? बसावयाची, दिसावयाची की वाचावयाची? प्रश्न चांगला आहे आणि वर्गात तासभर पुरतो. पण संकल्पनेने विचार करणे ही त्या चळवळीची मक्तेदारी नव्हे. आपल्या प्रभाकर बर्वे यांनी आयुष्यभर चित्रेच रंगवली. पान, शंख, घड्याळ यांसारख्या साध्या वस्तू त्यांच्या कॅनव्हासवर एकमेकींपासून अंतर राखून येतात, आणि ते अंतर हाच चित्राचा विषय होतो. त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे मराठी पुस्तक १९९० साली निघाले. जे. जे. मध्ये शिकलेला एक चित्रकार स्वतःच्या भाषेत स्वतःच्या चित्राचा विचार कसा करतो, हे ज्याला पाहावयाचे आहे त्याने ते वाचावे. आमच्या वर्गात ते आम्ही परीक्षेसाठी लावले नाही, ही त्यावर आम्ही केलेली मोठी कृपा आहे.

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांची गोष्ट निराळी. जाहिरात करणाराला 'आयडिया' लागतेच. त्यावाचून त्याची भाकर नाही. परंतु तेथे प्रश्न गिऱ्हाइकाचा असतो आणि उत्तर तेवढे चित्रकाराचे. रंगचित्राच्या विद्यार्थ्याला उत्तराआधी प्रश्नच शोधावा लागतो. अवघड भाग तो.

हे शिकवता येते का? पुष्कळ थोर मंडळींचे मत असे, की नाही. प्रतिभा असते किंवा नसते. आम्ही त्या मताचे नाही, आणि याचे श्रेय एका वर्तमानपत्राच्या घडीला आहे. जर्मनीत १९१९ साली 'बाउहाउस' ही कलाशाळा निघाली आणि १९३३ साली बंद पडली. चौदा वर्षांचेच आयुष्य, पण जगातील कलाशिक्षणावर तिची छाप अजून आहे. (१९२२ च्या डिसेंबरात तिच्या कलावंतांच्या कामाचे प्रदर्शन कलकत्त्यास झाले होते, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते.) तेथे योसेफ आल्बर्स नावाचे शिक्षक पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवीत. हानेस बेकमान या त्यांच्या विद्यार्थ्याने एका तासाची आठवण लिहून ठेवली आहे. आल्बर्स वर्गात आले ते वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन. प्रत्येकाला कागद वाटले आणि सांगितले, की यातून काहीतरी करा, पण कागदाचा स्वभाव ओळखून करा. जमल्यास कात्री आणि गोंदही वापरू नका. एवढे बोलून निघून गेले. काही तासांनी परत येऊन पाहतात तो कोणी किल्ला केला आहे, कोणी विमान, कोणी प्राणी. आल्बर्स यांनी ही सारी बालवाडीतली कामे ठरवली. असल्या वस्तू दुसऱ्या कशाच्याही अधिक चांगल्या झाल्या असत्या, असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनी एका साध्याच दिसणाऱ्या कागदाकडे बोट दाखवले. एका विद्यार्थ्याने तो उभा दुमडून पडद्यासारखा टेबलावर उभा केला होता, बस्स. आल्बर्स यांनी समजावले, की मऊ कागद घडीमुळे ताठ झाला. इतका ताठ, की आपल्या सर्वांत बारीक जागेवर, म्हणजे कडेवर उभा राहिला. टेबलावर आडवा असताना त्याची एकच बाजू दिसत होती, आता दोन्ही दिसतात.

ही हकीकत वाचली तेव्हा आम्हांस आमचा दोर आठवला. किल्ला करणाऱ्या मुलाने काय केले? किल्ल्याची कल्पना बाहेरून आणली आणि कागदावर लादली. भेगाळलेली जमीन काढणाऱ्या आमच्या २७ मुलांनीही तेच केले. दुष्काळाचे तयार चित्र त्यांनी वर्तमानपत्रांतून आणि जुन्या बक्षीसपात्र चित्रांतून उचलले. घडी घालणाऱ्याने कागदालाच विचारले, की तुला काय करता येते? दोर आणणाऱ्याने विहिरीला विचारले होते.

या तयार चित्रांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण शिक्षकाची निम्मी लढाई त्यांच्याशी असते. स्त्री म्हटले की पिंजरा किंवा पंख. शिक्षण म्हटले की दिवा. शहर म्हटले की बुद्धिबळाचा पट, निदान एक तरी प्यादे. शांतता म्हणजे कबूतर, आणि वेळ म्हणजे वाळूचे घड्याळ. जे यांपैकी कोणीही घरात पाहिलेले नसते. मुलांना वाटते, संकल्पना म्हणजे प्रतीक, आणि प्रतीक म्हणजे उखाणा. आपण घालावयाचा आणि परीक्षकाने सोडवावयाचा. आम्ही एकदा संतापून या सर्व गोष्टींची यादी फळ्यावर लिहिली आणि त्या काढण्यास बंदी केली. पुढल्या आठवड्यात पिंजरा गेला आणि साखळी आली. बंदीने विचार येत नाही, एवढे त्यातून आम्ही शिकलो.

अमेरिकेतील जॉन बाल्डेसारी हा याबाबतीत आमच्यापेक्षा पुष्कळच मिस्किल होता. त्याने १९७० साली आपली पूर्वीची हाताशी असलेली चित्रे जाळून टाकली आणि त्याच साली कॅलिफोर्नियातील एका नव्या कलासंस्थेत शिकवू लागला. १९७१ साली कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या कलामहाविद्यालयाने त्याला बोलावले तेव्हा तो स्वतः गेला नाही; सूचना पाठवली, की विद्यार्थ्यांनी दालनाच्या भिंतींवर 'यापुढे मी कंटाळवाणी कला करणार नाही' अशा अर्थाचे एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहावे. आपल्या शाळांतून 'शंभर वेळा लिही' ही शिक्षा ज्यांनी भोगली आहे त्यांना यातील खोच निराळी सांगावयास नको. मुलांनी भिंती भरून टाकल्या. ते स्वतःच एक काम झाले.

आपल्याजवळची उदाहरणे याहून शांत आहेत, आणि आम्हांस तीच अधिक उपयोगी पडली. १९३८ साली हरिपुऱ्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्यासाठी गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनच्या कलाभवनातील नंदलाल बोस यांनी भित्तिफलक केले. आम्ही मुलांना ते दाखवतो आणि विचारतो, की हे कोठे लागणार होते? मंडपाला आणि कमानींना. पाहणार कोण? खेड्यातून चालत आलेली माणसे. मग त्यात विषय कोणते आहेत? ढोल वाजवणारा, सुतार, दळणकांडण करणाऱ्या बाया. रेषा अशी जाड आणि झपाट्याची का, रंग मातीचे का? मुले एकेक उत्तर देत जातात आणि त्यांच्या ध्यानात येते, की चित्रातली प्रत्येक गोष्ट त्या पहिल्या तीन-चार उत्तरांतून निघाली आहे. मघाशी सांगितलेला पूजेचा संकल्प तो हाच. याच कलाभवनात शिकलेले के. जी. सुब्रमण्यन पुढे बडोद्याच्या कलाशाखेत शिकवू लागले. इंदूरचे बेंद्रे तेथे आधीच होते. बडोद्यास १९६० नंतरच्या दशकात कलामेळे भरू लागले, त्यांत सुब्रमण्यन यांच्यासारख्या शिक्षकाने लाकूड, कातडे आणि मणी घेऊन खेळणी केली. प्राध्यापकाने खेळणी करावी! आमच्याकडे असे कोणी केले असते तर त्याची वेतनवाढ रोखली असती. पण चार लाकडी ठोकळ्यांतून वाघ केव्हा होतो आणि केव्हा होत नाही, हा प्रश्न वर्तमानपत्राच्या घडीच्याच जातीचा आहे.

आता आमच्या वर्गातील एक काम सविस्तर सांगतो, कारण पद्धत सांगण्यापेक्षा घडलेले सांगणे सोपे. दोराच्या गोष्टीनंतर सुमारे पंधरा वर्षांनी तिसऱ्या वर्षाला 'आई' हा विषय दिला. एका विद्यार्थिनीने कच्चे चित्र आणले. दशभुजा आई, एका हातात लाटणे, एकात झाडू, एकात बाजाराची पिशवी, एकात मुलाची वही. आम्ही त्यावर काही बोललो नाही. विचारले, "तुझी आई दिवसातून कधी काही लिहिते का?" ती म्हणाली, "नाही सर, आई कशाला लिहील?" दुसऱ्या दिवशी आपणहून आली आणि म्हणाली, "कॅलेंडरवर लिहिते."

घरोघरी लिहितात तसेच. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, वाण्याचे देणे, भिशीचा हप्ता. जुनी कॅलेंडरे फडताळात डब्यांखाली अंथरलेली होती, ती तिने उपसून आणली. सात वर्षांचे ८४ महिने व्हावयाचे, त्यांतले ७१ सापडले. तिला ती कॅलेंडरे तशीच भिंतीवर लावावयाची होती. आम्ही म्हटले, लावू, पण त्याआधी एकच सांग. यातले काय काढून टाकले तरी तुझे म्हणणे शिल्लक राहील? हा प्रश्न आमच्या सगळ्या शिकवण्याचे भांडवल आहे, आणि 'याचा अर्थ काय?' या प्रश्नापेक्षा तो शंभर पटीने बरा. अर्थ विचारला की मूल घाबरते आणि मोठमोठे शब्द बोलू लागते. काय काढता येईल असे विचारले की ते चित्राकडे पाहू लागते.

प्रथम वरचे देवाचे चित्र गेले. मग जाहिरात. मग तारखा. चौकटींवर आठवडाभर अडून बसली. शेवटी त्याही गेल्या. राहिले केवळ आईचे अक्षर, ज्या जागी होते त्या जागी. तेवढेच तिने कोऱ्या कागदांवर पेन्सिलीने उतरवले. येथे आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या आक्षेपाला उत्तर मिळते. ते नेहमी म्हणत, की हात तयार नसताना डोके काय करणार? खरे आहे. बॉलपेन संपत आले की अक्षर मध्येच पुसट होते आणि आई जोर देऊन तेच पुन्हा गिरवते; घाईत लिहिलेला आकडा डावीकडे कलतो; हे सारे पेन्सिलीच्या दाबाने दाखवावयाचे म्हणजे हात लागतो, आणि तो तिला या कामात नव्याने मिळवावा लागला. आधी हात मग विचार, किंवा आधी विचार मग हात, असा क्रम नसतोच. कामाने मागितले की हात शिकतो, असा आमचा अनुभव आहे.

काही तारखांवर केवळ एक ठिपका होता. कशाचा, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आईला विचारले तर ती हसली आणि बोलली नाही. मुलीने ठिपके तसेच ठेवले. न सापडलेल्या १३ महिन्यांच्या जागा रिकाम्या सोडल्या.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. भला माणूस, चांगला चित्रकार. बराच वेळ पाहून म्हणाले, "पण यात ड्रॉइंग कुठे आहे?" आमचाच जुना प्रश्न आमच्याकडे परत आला होता, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आम्ही आमच्या परीने समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि मध्यम गुण दिले. मुलीला त्याचे वाईट वाटले. दोन दिवस ती वर्गात आली नाही. जो शिक्षक मुलांना या वाटेने नेतो त्याने हा धोका मुलांना आधी सांगितला पाहिजे. गुणपत्रिका त्यांची असते, आपली नव्हे. नोकरीला अर्ज करताना ती त्यांनाच दाखवावी लागते.

परीक्षेचा विषय निघाला म्हणून सांगतो. आम्ही वर्गापुरते २० गुण कच्च्या वहीसाठी राखून ठेवले. विचार कसा बदलत गेला ते वहीत दिसावे, हा हेतू. पहिल्या वर्षी असे झाले, की मुलांनी आधी चित्र पुरे केले आणि मग शेवटच्या रात्री बसून वही रंगवली. चार निरनिराळ्या शाया वापरल्या आणि एकाने तर पानांवर चहाचे डागही पाडले. त्या डागांत मात्र कल्पकता होती. पुढे आम्ही वही दर शनिवारी पाहू लागलो. पाहावयाचे म्हणजे उलटावयाची आणि तारीख घालावयाची. गुण द्यावयाचे नाहीत. तेव्हा ती वही झाली.

अलीकडे आणखी एक अडसर आला आहे. प्रत्येक कामासोबत 'कन्सेप्ट नोट' म्हणजे संकल्पनेचे टिपण मागतात, आणि ते बहुधा इंग्रजीत असावे लागते. जे मूल घरी आपल्या बोलीत दोराच्या नऊ गाठींची गोष्ट सरळ सांगते, ते टिपण लिहावयास बसले की त्यात ओळख, अवकाश, स्मृती असले भारदस्त शब्द इंग्रजीतून येऊ लागतात आणि दोर नाहीसा होतो. आता तर असे टिपण अर्ध्या मिनिटात लिहून देणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. ते टिपण निर्दोष असते, आणि कोणत्याही चित्राला चालते, हाच त्याचा दोष. म्हणून आम्ही टिपण आधी तोंडी घेतो. आपल्या भाषेत, उभ्याने, कामासमोर, चार वाक्ये. वर्गातील इतरांनी ऐकावयाचे. मग ज्याला इंग्रजीत लिहावयाचे त्याने लिहावे, अर्जासाठी ते लागतेच. सातारकडची एक मुलगी आपल्या कामाविषयी तिच्या घरच्या बोलीत बोलली तेव्हा वर्ग प्रथम हसला. तिसऱ्या वाक्याला गप्प झाला.

दोराच्या त्या विद्यार्थ्याची गाठ मध्यंतरी पडली. तालुक्याच्या गावी त्याचे फलक रंगवण्याचे दुकान होते, आता फ्लेक्स छापतो. धंदा बरा चालला आहे. आम्ही त्या दिवसाची गोष्ट काढली आणि आमची चूक कबूल केली. त्याला दोर आणल्याचे आठवत होते, आमचा प्रश्न आठवत नव्हता; निदान तसे तो म्हणाला. दोराचे विचारले तर म्हणाला, विहीर केव्हाच बुजवली.

'दुष्काळ' हा विषय आम्ही त्यानंतर टाकून दिला, असे नाही. दोन वर्षांमागे पुन्हा दिला; पण विषय फळ्यावर लिहून सोडून दिला नाही. पहिला आठवडा कोणी काही काढावयाचे नाही, असे सांगितले. प्रत्येकाने पाण्याच्या संबंधातली एक गोष्ट मोजून आणावयाची होती. एकाने टँकर येण्याच्या वेळा टिपल्या. एकीने सोसायटीच्या टाकीत रोज सकाळी किती पाणी उरते ते पट्टी बुडवून पाहिले आणि पट्टीवरची ओल तशीच्या तशी रंगवली. १४ दिवसांच्या १४ पट्ट्या. शहरातल्या एका मुलाने स्वच्छ सांगितले, की आमच्याकडे चोवीस तास पाणी असते, मी काय मोजू? आम्ही म्हटले, तेच मोज. त्याने घरातील नळ मोजले, सोळा निघाले, आणि सोळाही काढले, एकाशेजारी एक, सुरेख. आणि एकाने या सगळ्याकडे दुर्लक्ष करून भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावलेला म्हाताराच काढला. मात्र म्हातारा त्याच्या घरचा होता, आजोबा समोर बसले होते, आणि हाताची सावली डोळ्यांवर नेमकी कोठपर्यंत पडते ते त्याने तीन दिवस पाहिले होते. त्याला आम्ही चांगले गुण दिले.